पाचवा आवाज

१

मागच्या गुरुवारचा अंक आनारकान म्हातारीनं चार घड्या घालून छातीशी धरून आणला होता. 'आशू' साप्ताहिकाच्या कचेरीत येऊन तिनं तो टेबलावर पसरला, पहिल्या पानावरच्या फोटोवर पंजा ठेवला आणि म्हणाली, "ही माझ्या नवऱ्याची मयत आहे."

कानिशायनं चष्मा चढवून फोटो पाहिला. ओणवे झालेले चार पुरुष. उघडी तोंडं, मिटलेले डोळे, हातात काठ्या. चौघांच्या पोटावरून एक जाडजूड लाल पट्टी गेलेली आणि पट्टीत पांढऱ्या अक्षरांत मथळा: 'लाठ्या घेऊन जमाव खाणीच्या ट्रकवर धावला'.

"आपा, तुम्ही बसा आधी. चहा सांगते."

"चहा प्यायला बारा कोस आले नाही मी. हा डावीकडून दुसरा माझा तेमिरबेक. बापासाठी रडतोय तो. याच फोटोवरून पोलिसांनी त्याला उचलला. उद्या दहाला कोर्टात उभा करणार, मग दोन महिने आत. बापाचा सातवा गेला, पोरगा नव्हता. आता चाळिसावाही त्याच्याविना जाणार. मी विचारते, तुमच्या एवढ्या मोठ्या कचेरीत एकालाही मयत ओळखता येत नाही?"

कानिशायची कानशिलं तापली. आमच्याकडे मयत झाली की घरचे पुरुष तंबूच्या दाराशी कमरेला पट्टा बांधून, काठीवर ओणवून, मोठ्यानं रडतात. कमरेचे पट्टे दिसले की खेळतं पोरसुद्धा गप्प होतं. पण इथं पट्टे दिसतच नव्हते. नेमका त्यांच्यावर तो लाल मथळा बसला होता.

"फोटो कुणी काढला, आपा?"

"जावयानं. तुमच्याकडेच पाठवला होता, निधनवार्तेसोबत छापा म्हणून. निधनवार्ता छापली तुम्ही चौथ्या पानावर, बोटभर. आणि फोटो इथं! जावई दुसऱ्याच दिवशी रशियाला कामावर गेला, त्याचा फोन लागत नाही. गाव साक्ष द्यायला तयार आहे, पण ठाणेदार म्हणतो, गाव आपल्या माणसासाठी खोटंच बोलणार."

म्हातारीनं बोटानं फोटोतली माणसं मोजली. "आणखी एक. आम्ही बायका आत भिंतीकडे तोंड करून बसतो. बाहेर कोण उभं आहे ते दिसत नाही, पण ऐकू येतं. बुधवारी सकाळी बाहेर पाच आवाज होते. दिरांना विचारलं, तर म्हणे, डोळे उघडे होते कुणाचे? टोकाला कुणीतरी येऊन उभा राहिला आणि लवकर गेला. इथं बघ, चारच आहेत. पाचवा कुठं गेला?"

कानिशायनंही बोटानं मोजले; चारच होते. तिला दुसरंच काहीतरी आठवलं होतं आणि तेव्हापासून तिचा पाय टेबलाखाली हलत होता. ते पान छापायला सोडताना शेवटची सही तिचीच होती.

२

'आशू'मध्ये जुन्या काळापासूनची एक रीत आहे. अंकाची पानं लावून झाली की ज्यानं त्यातला शब्दही वाचलेला नाही असा एक जण सगळी पानं शेवटची वाचतो. त्याला 'ताजं डोकं' म्हणतात. त्याच्या सहीशिवाय पान छपाईला जात नाही आणि सहीचा कागद सहा महिने कपाटात राहतो. एकतीस वर्षं प्रुफं तपासणारी कानिशाय मागच्या बुधवारी ताजं डोकं होती.

त्या दिवशी चार वाजता पहिल्या पानावर मधोमध रिकामी चौकट होती. तीत पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'फोटो येतोय'. तिकडे भाचीच्या लग्नाची मेजवानी सुरू झालेली आणि बहिणीचे तीन फोन येऊन गेलेले. कानिशायनं दोन स्वल्पविराम दुरुस्त केले, चौकटीकडे पाहिलं आणि सही ठोकून कोट चढवला. कुसळं वेचत बसली आणि मुसळ सोडून गेली.

आता तिनं कपाट उघडलं. मागच्या आठवड्याची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंत पानं होती. पहिलं पान नव्हतं.

"काय शोधताय, एजे?" मागून घोगरा आवाज आला. कचेरीत थोरल्या बाईला 'एजे' म्हणत, थोरल्या पुरुषाला 'बाइके'. संपादक जुमाकादिर आपल्या खोलीच्या दारात उभा होता. गळ्याभोवती नेहमीचा तपकिरी-पांढऱ्या नागमोडीचा मफलर. हा मफलर त्याच्या गळ्यात कानिशायनं तीस हिवाळे पाहिला होता. आठवड्यापूर्वी तो जिल्हा कचेरीतल्या बैठकीहून आला तो घसा बसवूनच, आणि अजून त्याचा लोणी घातलेल्या चहावर चहा चालला होता.

"जुनं प्रूफ. बाइके, मागच्या आठवड्यात वारले त्या आब्दिलदा मास्तरांची बायको बाहेर आलीय."

त्याचा हात मफलरवर गेला. "माझी बैठक आहे. तिला सांगा, तांत्रिक चूक झाली. चौथ्या पानावर तीन ओळी टाकतो आपण. फोटो रोदिओननं लावला. शहरातला कोरियन पोरगा तो, त्याला आपली मयत काय कळणार? त्याला रागावू नका फार." एवढं बोलून त्यानं दार लावून घेतलं.

एवढी दया त्याला एरवी येत नसे. कानिशायला इथंच पाणी मुरताना दिसलं.

बातमी बेर्मेतनं लिहिली होती. पोरगी हुशार, बोलायला फटकळ. कानिशायनं अंक पुढे धरताच ती उसळली. "माझ्याकडे असं बघू नका, एजे! मी तीनच्या गाडीनं नारिनला गेले होते. हा फोटो मी गुरुवारी पाहिला, तुमच्यासारखाच."

"आणि बातमी? गावाला गेली होतीस?"

"नाही."

"गावात कुणाला फोन?"

बेर्मेत नखं बघायला लागली. "खाणीच्या प्रसिद्धीवाल्यानं सगळं सांगितलं. बुधवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी पुलावर ट्रकची काच फुटली, जमाव होता, काठ्या होत्या. गावाचा फोन लागला नाही."

"किती वेळा लावलास?"

"एकदा," ती पुटपुटली. मग तिनं आपला फोन काढला. "पण हे वाचा. मी पाठवलेली बातमी. पाच ठिकाणी लिहिलंय, 'असं कंपनीचं म्हणणं आहे'. छापलेल्यात एकदा तरी दिसतंय का?"

कानिशायनं दोन्ही शेजारी ठेवून वाचलं. पाचही ठिकाणचे ते चार शब्द नेमके उडवले होते. बाकी वाक्यांना कुणी हातही लावला नव्हता. कंपनीचं म्हणणं होतं ते आता देवाघरचं सत्य झालं होतं.

"कुणी उडवले?"

"बातम्यांवरून शेवटचा हात कोण फिरवतं, एजे? तुम्ही काल आलात का इथं?"

३

पानं लावणारा रोदिओन पाक आठ महिन्यांपूर्वी बिश्केकहून आला होता. जुमाकादिरनंच त्याला राहायला खोली मिळवून दिली होती. कानिशायनं खुर्ची ओढली तसा तो पडद्याकडे बघतच म्हणाला, "मीच लावला फोटो. निधनवार्तांच्या कप्प्यात सापडला. मला माहीत नव्हतं. माफ करा."

"पाठ छान केलंयस. तो मथळा फोटोवर का घातलास?"

"छान दिसतो म्हणून."

"एकतीस वर्षांत या साप्ताहिकात मथळा फोटोच्या वर बसलाय नाहीतर खाली. अंगावर कधी नाही. बरं, एक सांग. तुझ्याकडे तो फोटो मथळ्याशिवाय आहे ना? दाखव."

त्यानं पट्टी बाजूला सरकवली. चौघांच्या कमरेचे पट्टे उघडे पडले.  कानिशाय सहज विचारल्यासारखं म्हणाली, "काय चाललंय यात?"

रोदिओननं मान वाकडी करून पाहिलं. "भांडण? नाही... यांची पोटं दुखतायत का? कमरा का आवळल्यात एवढ्या? आमच्या शेजारचे काका कंबर धरली की असाच पट्टा बांधतात."

कानिशायला एवढ्या ताणातही हसू आलं. मग तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, तू खोटं बोलतोयस आणि मला आत्ता कळलं. ज्याला पट्ट्यांचा अर्थ कळत नाही, तो पट्टे झाकेल कशाला? तुझ्या हातानं हा फोटो लागला असता तर पट्टे दिसले असते, मथळा खाली गेला असता आणि छापखान्यातल्या झाडूवालीनंसुद्धा अंक थांबवला असता. पट्टी तिनं सांगितली, जिला पट्टे वाचता येतात."

"तिनं नाही," रोदिओन चटकन म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

"नाही ना? मग 'त्यानं'. नाव नको घेऊस. खोली जाईल तुझी. फक्त एक कर. मूळ फोटो कुठंय?"

"पुसला त्यांनी, माझ्यासमोर." तो जरा थांबला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खोडकर काहीतरी आलं. "पण त्यांना हे काम येत नाही, एजे. पानातली चौकट फोटो कापत नाही, नुसता झाकते. आत फोटो अख्खाच असतो."

त्यानं चौकटीची डावी कड धरून ओढली. पडद्यावर आधी तंबूचं दार आलं. मग खालच्या कोपऱ्यात फोननं उमटवलेले केशरी आकडे आले: तारीख, आणि वेळ ११.२२. पुलावर काच फुटली त्यानंतर दोन मिनिटं. पूल तिथून चार कोस.

"म्हणजे ज्या फोटोनं पोराला आत टाकलं, तोच त्याला सोडवणार!" कानिशाय पुटपुटली.

रोदिओननं कड आणखी ओढली. पाचवा माणूस बाहेर आला. टोपी डोळ्यांवर, तोंड ओंजळीत, ओळख पटू नये असा दुमडलेला. घरून पट्टा न आणता आलेला असावा, कारण त्यानं कमरेला दुसरंच काहीतरी बांधलं होतं. एक मफलर. तपकिरी, त्यावर पांढरी नागमोडी.

४

"बसा, एजे." जुमाकादिरनं तिला बोलायची संधीच दिली नाही. त्यानं खण उघडून एक पान टेबलावर ठेवलं. मधोमध रिकामी चौकट, 'फोटो येतोय', आणि खाली कानिशायची लफ्फेदार सही.

"मी कपाटातून काढून ठेवलं होतं, तुमच्या काळजीनं. चार महिन्यांनी निवृत्त होताय. हे बाहेर गेलं तर लोक पहिलं काय विचारतील? रिकाम्या चौकटीवर सही करून ताजं डोकं कुठं गेलं होतं? भाचीच्या लग्नात घोड्याचं मांस खायला!" घोगऱ्या आवाजात तो हसला. "रोदिओनचं अज्ञान, तीन ओळी, विषय मिटला. खाणीची जाहिरात गेली तर साप्ताहिकच बंद पडेल. अकरा घरांच्या चुली आहेत यावर."

 कानिशायला सकाळपासून ज्याची भीती वाटत होती ते पान समोर पडलं होतं. एकतीस वर्षांची अब्रू त्या एका चौकटीत होती. उठून जावं, दोन स्वल्पविराम दुरुस्त करावेत आणि चार महिने ढकलावेत, असं तिला खरंच वाटलं. हे तिनं नंतर कुणापासून लपवलंही नाही.

बाहेर व्हरांड्यात म्हातारी बाकावर बसली होती. शोकातल्या सवयीनं तिथंही भिंतीकडे तोंड करून.

"बाइके," कानिशाय उठली, "हे पान द्या मला. छापायचंय."

"काय?"

"पहिल्या पानावर. माझ्या सहीसकट. माझी चूक मी लपवली तर तुमची कुठल्या तोंडानं विचारू?" आणि तिनं दार उघडून हाक मारली, "आपा, आत या. तुमचा पाचवा आवाज सापडला."

५

जुमाकादिर ताडकन उठला. "काय लावलंय हे? मी त्या दिवशी जिल्हा कचेरीत होतो!"

"कोण म्हणालं तुमचं नाव?" कानिशायनं विचारलं.

 म्हातारी उंबऱ्यात उभी होती. कानिशाय तिच्याकडे वळून बोलू लागली.

"आपा, हा फोटो अज्ञानानं लागलेला नाही. ज्यानं लावला त्यानं पट्टे झाकले, म्हणजे पट्टे काय सांगतात ते त्याला ठाऊक होतं. रोदिओनला ठाऊक नाही. बेर्मेत नारिनला गेलेली होती, आणि तिनं लिहिलेलं 'कंपनीचं म्हणणं'ही कुणीतरी खोडलं. पण नुसते पट्टे झाकले असते तर मी म्हटलं असतं, कचेरीतलं कुणीही असेल. त्यानं आणखी एक केलं. टोकाचा माणूस झाकला. त्या माणसाचा चेहरा दिसत नाही, तो कुणाला ओळखू येणार नव्हता. मग तो कुणाला नको होता? ज्याला त्या गर्दीत स्वतःचा मफलर दिसला, त्यालाच."

तिनं रोदिओननं छापून दिलेला अख्खा फोटो म्हातारीच्या हातात दिला.

आनारकाननं तो डोळ्यांजवळ नेला. मग जुमाकादिरच्या गळ्याकडे पाहिलं. जवळ जाऊन मफलरचं टोक दोन बोटांत धरलं आणि वीण चाचपली.

"हा एक टाका सुटलेला माझाच," ती म्हणाली. "तू शहरात शिकायला निघालास तेव्हा रात्रीच्या दिव्यात विणला. चार हिवाळे आमच्या घरी राहिलास. मास्तर आधी तुला वाढायचे, मग तेमिरबेकला. मी आठ दिवस म्हणत होते, जुमाला वेळ मिळाला नसेल यायला. आणि तू आला होतास?"

"आलो होतो, आई." तो म्हणाला. "लेकासारखा उभा राहिलो. खरंच रडलो, घसा बसला तो त्यानंच. अर्ध्या तासात खाणीचा फोन आला. म्हणाले, बातमी आजच हवी, पहिल्या पानावर, फोटोसकट. नाहीतर वर्षाची जाहिरात बंद. परत आलो. फोटो कुठून आणू? जमावच नव्हता तर फोटो कुठला? आणि तुमच्या जावयाचा फोटो येऊन पडला. मला वाटलं, तोंडं वाकडी झालेली आहेत, कोण ओळखतंय! पोलीस त्यावरून पोराला उचलतील असं स्वप्नातही..."

"सकाळी ज्याच्यासाठी रडलास, दुपारी त्यालाच विकलंस," म्हातारी शांतपणे म्हणाली. "आणि गुरुवारी पोराला उचलल्यावर? शुक्रवारी? शनिवारी? तेव्हा तर कळलं होतं ना तुला?"

 तो खुर्चीत बसला आणि फोटोतल्यासारखंच त्यानं तोंड ओंजळीत घेतलं. कानिशायला त्याची दया आली. तरी तिनं घड्याळाकडे पाहिलं. अंक सुटायला दोन तास उरले होते.

"ठाणेदार गावावर विश्वास ठेवत नाही, बाइके. अकरा बावीसला तेमिरबेकच्या शेजारी उभा असलेला, गावचा नसलेला एकच साक्षीदार आहे. रडून झालं की त्याला विचारा, उद्या दहाला कोर्टात येतो का."

म्हातारीनं मफलरचं टोक सोडलं. "हा घालून ये," ती म्हणाली. "जज्जाला दाखवायला लागेल."

६

गुरुवारच्या 'आशू'च्या पहिल्या पानावर तोच फोटो होता, तेवढाच मोठा. फरक एवढाच की आता त्यात तंबू होता, पट्टे होते, पाच माणसं होती आणि कोपऱ्यात वेळ होती. खाली कुणी काय केलं ते नावानिशी छापलं होतं. फोटो आणि शब्द झाकणारा संपादक जुमाकादिर. एकच फोन करून बातमी लिहिणारी बेर्मेत. रिकाम्या चौकटीवर सही करणारी कानिशाय. रोदिओननं स्वतःचंही नाव घालायचा हट्ट धरला, 'सांगितलं तसं केलं आणि नंतर खोटं बोललो' म्हणून. ते वाक्य त्यानंच लिहिलं आणि कानिशायनं त्यातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

दहाला कोर्टात जुमाकादिर आला. मफलर गळ्यात होता. साक्ष द्यायला घोगरा आवाज पुरला. बाराच्या सुमारास तेमिरबेक पायऱ्या उतरला, आईला भेटला आणि मग अंक हातात घेऊन बराच वेळ टोकाच्या माणसाकडे बघत राहिला. "शेजारी कोण उभं आहे हे मी पाहिलंच नव्हतं," एवढंच तो म्हणाला.

खाणीची जाहिरात अर्थातच गेली. अंक आठाचा चार पानांचा झाला. जुमाकादिरनं खुर्ची सोडली, आणि नवा संपादक मिळेपर्यंत शेवटची सही कानिशायच्याच गळ्यात पडली.

मास्तरांचा चाळिसावा घरच्यांनी बुधवारी धरला. तेमिरबेकनं स्वतः येऊन बोलावलं होतं. "एजे, दोनपर्यंत या. तुमच्यासाठी मानाचा वाटा राखून ठेवतो." दोन वाजले, तीन वाजले. दाराशी गाडीवाला हॉर्न वाजवत होता. पहिल्या पानावर, शाळेच्या पडलेल्या छपराच्या बातमीत, एक चौकट रिकामी होती.

"तुम्ही जा, एजे," रोदिओन म्हणाला. "सही करून ठेवा. फोटो येतोय."

कानिशायनं कोट चढवलेला होता. तिनं तो उतरवून खुर्चीच्या पाठीवर टाकला, गाडीवाल्याला हातानंच 'जा' म्हणून सांगितलं आणि पेनाला टोपण लावून बसली.

"येऊ दे," ती म्हणाली. "मग करते."